टाळेबंदी मालकांची, हुकूम सरकारचा : अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचे २००२ मधील प्रकरण

२९ सप्टेंबर २००२ च्या संध्याकाळी पॅसिफिक मेरिटाइम असोसिएशन या जहाज कंपन्यांच्या आणि टर्मिनल चालकांच्या संघटनेने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील २९ बंदरांत बेमुदत टाळेबंदी केली. दक्षिणेला सॅन दिएगोपासून उत्तरेला सिॲटलपर्यंत मालाची चढउतार थांबली आणि सुमारे साडेदहा हजार गोदी कामगारांना कामावर घेणे बंद झाले. ८ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या सरकारने १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्यातील राष्ट्रीय आणीबाणीच्या तरतुदीखाली न्यायालयाचा हुकूम मिळवला आणि ९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बंदरे उघडली. ही तरतूद १९७८ नंतर पहिल्यांदाच वापरली जात होती. संप मोडण्यासाठी आखलेले हे हत्यार मालकांनी केलेल्या टाळेबंदीवर तोवर कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने चालवले नव्हते.

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण बंदरे बंद असलेल्या त्या दहा दिवसांचा हिशेब मांडतात. माझ्या मते प्रकरणाचा गाभा त्याआधीच्या तीन महिन्यांत आहे. सरकार मध्ये पडणार हे जून-जुलैपासूनच दोन्ही पक्षांना दिसत होते आणि या खात्रीचे ओझे दोघांवर सारखे पडले नाही. तिने एका पक्षाचे हात बांधले, तर दुसऱ्याचे मोकळे केले.

वादाची मुळे

इंटरनॅशनल लाँगशोर अँड वेअरहाऊस युनियन, म्हणजे आयएलडब्ल्यूयू, ही संघटना १९३४ च्या संपातून उभी राहिली. त्या वर्षी ५ जुलैला सॅन फ्रान्सिस्कोत पोलिसांच्या गोळीबारात दोघे मारले गेले. हॅरी ब्रिजेस यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून कामगारांनी दोन गोष्टी मिळवल्या. एक, संपूर्ण किनाऱ्यासाठी एकच करार. आणि दुसरी, कामवाटपाचे केंद्र. त्याआधी मुकादम सकाळी धक्क्यावर जमलेल्या माणसांतून मर्जीतले निवडत असे; केंद्र आल्यावर पाळीने काम मिळू लागले. पुढे १९६० मध्ये कंटेनरयुग येऊ घातले होते, तेव्हा याच संघटनेने यंत्रांना वाट करून दिली आणि बदल्यात असलेल्या कामगारांसाठी उत्पन्नाची हमी व निवृत्तीचे लाभ पदरात पाडून घेतले. यंत्राला विरोध करण्यापेक्षा त्याची किंमत वसूल करावी, ही या संघटनेची जुनी रीत आहे. २००२ मधला तंटा या रीतीबाहेरचा नव्हता, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचा शेवट जसा झाला तसा का झाला हे कळत नाही.

१ जुलै २००२ रोजी करार संपला, तेव्हा पगार हा वादाचा मुख्य मुद्दा नव्हता. गोदी कामगारांचे उत्पन्न चांगले होते आणि मालकांच्या बाजूने ते वर्तमानपत्रांना आवर्जून सांगितले जात असे. खरा वाद होता मरीन क्लार्क या वर्गाच्या कामाचा. मुंबईच्या गोदीत ज्यांना टॅली क्लार्क म्हणतात, त्यांचेच हे अमेरिकी भाऊबंद. कंटेनर घेऊन ट्रक टर्मिनलच्या दरवाजाशी आला की हा क्लार्क कंटेनरचा क्रमांक (चार अक्षरे, सात आकडे), सील आणि चालकाजवळचे कागद पाहून नोंद करी. मग कंटेनर आवारात कोणत्या रांगेत ठेवायचा, जहाजावर कोणत्या क्रमाने चढवायचा याच्या याद्या तयार होत. जहाज कंपनीच्या संगणकात यातली बरीच माहिती आधीच भरलेली असे. तरीही टर्मिनलवर ती पुन्हा हाताने भरावी लागे. मालकांना दरवाजावर प्रकाशीय स्कॅनर हवे होते आणि बाहेरून आलेली माहिती थेट आपल्या यंत्रणेत घ्यायची होती.

आयएलडब्ल्यूयूने स्कॅनरला नकार दिला नाही. त्याने जी नोंदीची कामे जातील ती जावोत, पण नव्या यंत्रणेमुळे नियोजनाची आणि देखरेखीची जी कामे तयार होतील ती संघटनेच्या सभासदांकडेच असली पाहिजेत, अशी तिची अट होती. मालकांना ही अट मान्य नव्हती. वरवर पाहता काही शे नोकऱ्यांचा हा वाद होता. पण बंदरातली माहिती कुणाच्या हातातून जाते यावर उद्याची सौदाशक्ती ठरणार, हे दोन्ही बाजूंना कळत होते. क्रेन चालवणारा कामगार संघटनेत आहे आणि क्रेनने काय उचलायचे ते ठरवणारा बाहेरच्या कार्यालयात बसला आहे, अशी व्यवस्था एकदा झाली की संपाची धार निम्मी होते.

सरकारची सावली

वाटाघाटी चालू असतानाच बुश प्रशासनाने या प्रश्नासाठी निरनिराळ्या खात्यांच्या अधिकाऱ्यांचा एक गट नेमला होता. मोठे आयातदार आणि किरकोळ विक्रीच्या साखळ्या यांची वेस्ट कोस्ट वॉटरफ्रंट कोअलिशन ही आघाडी वॉशिंग्टनमध्ये आपली बाजू मांडत होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याला वर्षही झाले नव्हते आणि इराकवरच्या युद्धाची तयारी दिसू लागली होती. स्वदेश सुरक्षा कार्यालयाचे प्रमुख टॉम रिज यांनी आयएलडब्ल्यूयूचे अध्यक्ष जेम्स स्पिनोसा यांना फोन करून, बंदरे बंद पडणे देशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने घातक ठरेल, असे सांगितले. संघटनेच्या म्हणण्यानुसार श्रम खात्याच्या अधिकाऱ्यांनी आणखी पुढे जाऊन पर्यायांची यादीच ऐकवली : टाफ्ट-हार्टलीखालील मनाई, धक्क्यावर लष्करी मनुष्यबळ, गोदी कामगारांना रेल्वे कामगारांच्या कडक कायद्याखाली आणणे आणि संपूर्ण किनाऱ्याचा एकच करार करण्याचा अधिकार काढून घेणे.

यातला शेवटचा पर्याय १९३४ च्या कमाईवरच घाव घालणारा होता. संपाची हाक दिली तर एका कराराऐवजी संघटनेचे अस्तित्वच पणाला लागेल, हे स्पिनोसा यांना उमगले असणार. आणि संघटनेने संप पुकारला नाही. मालकांच्या बाजूला मात्र याच इशाऱ्यांचा अर्थ निराळा लागत होता. टाळेबंदी करणाऱ्या मालकाला एरवी सर्वांत मोठी भीती असते ती आपलेच नुकसान किती दिवस चालेल याची. सरकार आठवडा-दोन आठवड्यांत बंदरे उघडायला लावणार, हे ठाऊक असल्यावर ती भीती उरत नाही. नुकसानीला वरची मर्यादा सरकारने आधीच घालून दिलेली असते. पॅसिफिक मेरिटाइम असोसिएशनचे अध्यक्ष जोसेफ मिनिएस यांच्या मनात नेमके काय होते याचा पुरावा माझ्याजवळ नाही आणि युक्तिवादाला त्याची गरजही नाही. असा हिशेब करायला जागा होती, एवढे पुरेसे आहे.

मंदगती आणि टाळेबंदी

जुना करार जुलै-ऑगस्टमध्ये थोड्या थोड्या मुदतीने वाढवला जात होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला ही वाढ थांबली. हा तपशील तांत्रिक वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण कराराबरोबर त्यातली तक्रारनिवारणाची आणि लवादाची यंत्रणाही निलंबित झाली. करार चालू असता तर कामगार मुद्दाम सावकाश काम करतात ही मालकांची तक्रार बंदरातल्या लवादापुढे गेली असती आणि तिचा निकाल लागला असता. आता तिला जायला जागाच राहिली नाही.

मालकांचे म्हणणे असे होते की कामवाटप केंद्रातून पुरेसे कुशल कामगार पाठवले जात नाहीत आणि आलेले मुद्दाम मंदगतीने काम करतात. संघटनेचे उत्तर असे होते की कामावर झालेल्या अपघाती मृत्यूंमुळे सभासदांना फक्त सुरक्षा नियम काटेकोर पाळायला सांगितले आहे. नियमानुसार काम हे मंदगतीचे सभ्य नाव असू शकते, हे कामगार चळवळीत वावरलेल्या कुणालाही सांगायला नको. पण कंटेनरच्या आवारात घाईने माणसे मरतात हेही तितकेच खरे. २७ सप्टेंबरला मालकांनी ३६ तासांसाठी दरवाजे बंद केले, २९ तारखेला उघडले, आणि मंदगती चालूच असल्याचे सांगून त्याच संध्याकाळी बेमुदत बंद केले. १ ऑक्टोबरला सरकारी मध्यस्थासमोर बैठक ठरली होती, तिला मालकांचे प्रतिनिधी सशस्त्र रक्षक घेऊन आले, आणि संघटनेचे प्रतिनिधी उठून गेले.

समुद्रात नांगर टाकून उभ्या राहिलेल्या जहाजांची संख्या अखेरीस २०० च्या वर गेली. ऑक्टोबर हा नाताळच्या मालाच्या आयातीचा ऐन हंगाम. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट इथला टोयोटा आणि जनरल मोटर्स यांचा संयुक्त कारखाना जपानहून येणारे सुटे भाग न मिळाल्याने थांबला. गोदामात आठवड्यांचा साठा ठेवण्याऐवजी भाग ऐन वेळी मागवण्याची जी पद्धत या कारखान्यांनी अभिमानाने रुजवली होती, तिची दुसरी बाजू या वेळी उघडी पडली.

शंभर कोटींचा आकडा

बंद बंदरांमुळे अमेरिकेचे दिवसाला १०० कोटी डॉलरचे नुकसान होत आहे, हे वाक्य त्या दहा दिवसांत जवळजवळ प्रत्येक बातमीत होते. मूळ अंदाज मालकांच्या संघटनेसाठी केलेल्या अभ्यासातला होता. या बंदरांतून वर्षाला सुमारे ३०,००० कोटी डॉलरचा माल जात असे. त्याला ३६५ ने भागले तर दिवसाला ८० कोटींच्या आसपास रक्कम येते. म्हणजे सांगितले जाणारे नुकसान हे अडकलेल्या मालाच्या एकूण किमतीपेक्षाही जास्त होते. अडकलेला माल नष्ट होत नाही. तो उशिरा पोहोचतो. नाशवंत माल, हंगामी माल, थांबलेले कारखाने आणि ट्रकचालकांची बुडालेली मजुरी हे खरे नुकसान, आणि ते मोठे होते. पण ते या आकड्याच्या जवळपासही असण्याची शक्यता कमी. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २००६ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही सर्वांत मोठी दोन बंदरे आठवडाभर बंद राहिली तर काय होईल याचा स्वतंत्र अंदाज केला, तेव्हा उत्तर आले दिवसाला साडेसहा ते पंधरा कोटी डॉलर. दोन बंदरे आणि २९ बंदरे यांतला फरक धरूनही तफावत डोळ्यांत भरते.

आकड्याचा प्रश्न कायद्याशीही जोडलेला आहे. टाफ्ट-हार्टलीची आणीबाणी तरतूद ‘राष्ट्राचे आरोग्य किंवा सुरक्षितता’ धोक्यात येत असेल तर लागू होते. आर्थिक नुकसान हा शब्द तिथे नाही. म्हणून सरकारने न्यायालयात संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांचे प्रतिज्ञापत्र जोडून लष्करी गरजांवर भर दिला. आयएलडब्ल्यूयूने लष्करी माल हाताळायची तयारी आधीच दाखवली होती. बाहेर लोकांना डॉलरचा आकडा आणि न्यायालयात लष्कराची गरज अशी दुहेरी मांडणी या प्रकरणात दिसते, आणि पहिल्या मांडणीने दुसरीसाठी वातावरण तयार केले.

कायद्याची रीत

१९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने केलेल्या या कायद्यातली पायऱ्यांची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्ष आधी चौकशी मंडळ नेमतात. मंडळाने फक्त वस्तुस्थिती सांगायची. तोडगा सुचवायला त्याला मनाई आहे. अहवाल आल्यावर महान्यायवादी जिल्हा न्यायालयाकडे जातात आणि न्यायालय संप किंवा टाळेबंदी थांबवणारा हुकूम देऊ शकते. हा हुकूम जास्तीत जास्त ८० दिवस टिकतो. साठाव्या दिवसापर्यंत समझोता झाला नाही तर मंडळ दुसरा अहवाल देते, त्यानंतरच्या १५ दिवसांत मालकांच्या अखेरच्या प्रस्तावावर कामगारांचे गुप्त मतदान घेतले जाते, आणि पुढच्या पाच दिवसांत निकाल प्रमाणित होतो. त्यानंतर हुकूम उठतो आणि दोन्ही पक्ष जिथल्या तिथे येतात. सक्तीचा लवाद कुठेही नाही.

आपल्याकडे त्याच १९४७ साली आलेल्या आणि पुढे अनेक दशके चाललेल्या औद्योगिक विवाद कायद्याशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. त्या कायद्याने प्रमुख बंदरांतील सेवेला सार्वजनिक उपयोगितेची सेवा मानले, संप आणि टाळेबंदी दोन्हींसाठी आगाऊ नोटिशीची अट घातली आणि वाद न्यायाधिकरणाकडे सोपवून चालू संप वा टाळेबंदी थांबवण्याचा अधिकार सरकारला दिला. म्हणजे आपला तो कायदा हत्यार काढून घेताना निवाड्याची सोय करून ठेवत असे. अमेरिकी कायदा फक्त वेळ देतो, आणि त्या वेळात ज्याला थांबणे परवडते त्याचा फायदा होतो.

ही ८० दिवसांची मुदत पूर्वी नेहमी कामी आली असेही नाही. याच किनाऱ्यावर १९७१ मध्ये संप झाला, तेव्हा निक्सन यांनी ऑक्टोबरमध्ये हुकूम आणला. मुदत संपल्यावर जानेवारी १९७२ मध्ये संप पुन्हा सुरू झाला आणि एकूण १३४ दिवस चालला. १९७८ च्या कोळसा संपात कार्टर यांनी आणलेला तात्पुरता हुकूम खाणकामगारांनी सरळ धुडकावला आणि न्यायाधीशांनी त्याची मुदत वाढवायला नकार दिला. या अनुभवामुळेच पुढची २४ वर्षे कुणी या तरतुदीकडे वळले नव्हते.

७ ऑक्टोबरला बुश यांनी माजी सिनेटर व माजी श्रममंत्री बिल ब्रॉक यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांचे मंडळ नेमले. मंडळाला एका दिवसात अहवाल द्यायचा होता आणि त्याने तो दिला. याच वेळी श्रम खात्याने आणखी एक प्रस्ताव ठेवला होता : जुना करार ३० दिवसांसाठी वाढवावा, बंदरे उघडावीत आणि बोलणी चालू ठेवावीत. आयएलडब्ल्यूयूने तो स्वीकारला, मालकांनी फेटाळला. त्यानंतर सरकार न्यायालयात गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी ८ ऑक्टोबरला तात्पुरता आणि १६ तारखेला पूर्ण मुदतीचा हुकूम दिला. त्याची अखेर २७ डिसेंबरला होती. संपूर्ण प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका क्षण म्हणजे ३० दिवसांच्या प्रस्तावाचा हा नकार. बंदरे उघडावीत एवढाच हेतू असता तर तो या मुदतवाढीने साधला असता. मालकांना हवी असलेली गोष्ट तिच्यात नव्हती, हुकुमात होती. मंदगती केली तर न्यायालयाची बेअदबी ठरेल, ही टांगती तलवार फक्त हुकूमच देऊ शकत होता, कारण त्यात काम नेहमीच्या गतीने करण्याचे बंधन होते.

उघडल्यानंतर

बंदरे उघडली तरी माल लगेच हलला नाही. दहा दिवसांची जहाजे एकदम धक्क्याला लागायला आली, कंटेनर वाहून नेणाऱ्या चाकांच्या सांगाड्यांचा तुटवडा पडला, रेल्वेचे डबे चुकीच्या जागी अडकले होते, आणि आवारात कंटेनर इतके दाटीने रचलेले की हवा तो काढायला आधी भलतेच उचलावे लागत. मालकांनी उत्पादकता घसरल्याचे आकडे न्याय खात्याला सादर केले आणि संघटनेवर हुकूम मोडल्याचा आरोप केला. संघटनेने या कोंडीकडे बोट दाखवले. न्याय खात्याने बेअदबीची कारवाई पुढे नेली नाही. तुंबलेल्या आवारात मुद्दाम केलेला उशीर आणि अपरिहार्य उशीर वेगळे काढणे न्यायालयालाही सोपे गेले नसते.

तोडगा काढला तो मध्यस्थांनी. संघराज्याच्या मध्यस्थी सेवेचे संचालक पीटर हर्टगेन यांनी बोलणी हातात घेतली, अमेरिकेतील कामगार महासंघाचे रिचर्ड ट्रम्का संघटनेच्या बाजूने येऊन बसले, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यात सहा वर्षांचा करार झाला. मालकांना स्कॅनर आणि माहितीची थेट देवाणघेवाण मिळाली. त्यामुळे क्लार्कांची सुमारे ४०० कामे जाणार होती; पण तेव्हा नोंदवलेल्या प्रत्येक क्लार्कला निवृत्तीपर्यंत कामाची हमी मिळाली, निवृत्तिवेतन बरेच वाढले आणि आरोग्यविम्याचे लाभ टिकले. जानेवारी २००३ मध्ये सुमारे ८९ टक्के सभासदांनी करार मंजूर केला. मालकांच्या अखेरच्या प्रस्तावावर मतदान घेण्याची वेळच आली नाही. १९६० चाच सौदा नव्या यंत्रांसाठी पुन्हा झाला, आणि तो जूनमध्येही होऊ शकला असता, असे मला वाटते. पण सरकार येणारच असेल तर आपला शेवटचा पत्ता आधी कोण टाकणार?

त्यानंतर कोणत्याही राष्ट्राध्यक्षाने ही तरतूद वापरलेली नाही. २०१४-१५ मध्ये याच किनाऱ्यावर पुन्हा मंदगतीचे आरोप झाले, तेव्हा ओबामा यांनी श्रममंत्री टॉम पेरेझ यांना सॅन फ्रान्सिस्कोला पाठवले आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये समझोता झाला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्व आणि आखाती किनाऱ्यावर इंटरनॅशनल लाँगशोरमन्स असोसिएशनने संप केला, त्याआधीच बायडन यांनी टाफ्ट-हार्टली वापरणार नसल्याचे जाहीर केले होते. या वेळी सरकारी हुकूम आपल्याला सोडवणार नाही, हे मालकांना ठाऊक होते. संप तीन दिवसांत स्थगित झाला, सहा वर्षांत सुमारे ६२ टक्के पगारवाढीवर प्राथमिक सहमती झाली, आणि यांत्रिकीकरणाचा मुद्दा जानेवारी २०२५ पर्यंत पुढे ढकलून स्वतंत्रपणे मिटवला गेला.